दहा बेचाळीसची नोंद

प्रिय निशा,

१८ जून, रविवार, सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. सबस्टेशनच्या पॅनलवरचे सहाचे ॲम्पियर नोंदवहीत उतरवले, शाई वाळू दिली आणि हे लिहायला बसलो. भिलाईत उकाडा तसाच आहे. तुझ्या नागपूरच्या होस्टेलात पाणी आता वेळेवर येतं का?

तुझ्या बाबांना, तेजरामकाकांना, कामावरून थांबवलं हे घरून कळलंच असेल. का, ते नीट सांगतो. मागच्या महिन्यात सकाळी दहा एकतीसला आपल्या फीडर लाइनवर ओव्हरकरंट येऊन ब्रेकर पडला, वीज गेली. दहा त्रेचाळीसला पाण्याच्या टाकीजवळचा ट्रान्सफॉर्मर जळाला. चौकशीत साहेबांनी माझी नोंदवही वाचली. दहा बेचाळीसला ‘ब्रेकर बंद’ असं लिहिलेलं. लाइन इकडून बंद, मग करंट आला कुठून? दुसऱ्या टोकाच्या स्विचवर काका होते. त्यांनीच न विचारता तिकडून लाइन जोडली, असं ठरलं.

साहेबांनी माझ्या अक्षराचं कौतुकही केलं. काका शेजारीच उभे होते. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "मी हात नाई लावला, बापू. पन तुहं लिवलेलं चुकत नाई. मंग मीच भुललो असन."

अठ्ठावीस वर्षं खांबावर चढलेल्या माणसाला स्वतःवरच शंका आली, निशा.

तुझ्या चिठ्ठ्यांतल्या वेलांट्या मी दुरुस्त करायचो आणि तू मला ‘दहावी नापास मास्तर’ म्हणायचीस. त्याच खोडीनं घात केला. पॅनलच्या मेमरीत इंग्रजीत ‘ब्रेकर क्लोज’ असं येतं. ड्यूटी संपताना सगळ्या ओळी एकदम उतरवल्या. क्लोज म्हणजे बंद, म्हणून शुद्ध करून ‘बंद’ लिहिलं. आमच्या कामात क्लोज म्हणजे जोडला. करंट चालू.

आणि तो मीच चालू केला होता. लाइन तपासल्याचा निरोप येण्याआधी बटण मी दाबलं. चौकशीतच नोंदीतली चूक लक्षात आली, तरी गप्प बसलो. ठेक्यावरची नोकरी गेली तर काकांकडे तुला कोणत्या तोंडानं मागू, असं वाटलं. काल सगळं लेखी दिलं. मंगळवारी दुर्गच्या ऑफिसात बोलावलंय. संध्याकाळी तुमच्या घरीही गेलो, पण काकांनी चहा पुढे केला आणि मी तो पिऊन, न सांगताच परतलो. म्हणून हे पत्र आज नागपूरला निघालेल्या कवडूच्या हाती सकाळच्या गाडीनं पाठवतोय. तू काकांना फोन कर. ते भुलले नव्हते, एवढं सांग. मला उत्तर नाही दिलंस तरी चालेल. फोन मात्र आजच कर.

तुझाच,
समीर