पाचशे कार्डं आणि एक ओळखीतला

ती. मामांना,

साष्टांग नमस्कार (कमरेत उसण भरली आहे, त्यामुळे यावेळी फक्त कागदावर). तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामीचं ब्लडप्रेशर ताळ्यावर आहे ना? इकडे आम्ही सगळे बरे आहोत, म्हणजे तक्रार करण्याइतकाही उत्साह उरलेला नाही, इतपत बरे. आई तुमची सारखी आठवण काढते. मीही काढतो, पण आमचा दोघांचा सूर जरा वेगळा असतो.

पत्रास कारण, तुम्ही छापून दिलेली पाचशे कार्डं. पेस्ट कंट्रोल कंपनीतली नोकरी सोडून मी स्वतःचा पंप खांद्याला लावला तेव्हा घरात सगळ्यांनी नाकं मुरडली. एकट्या तुम्हीच कार्डं छापून दिलीत, हे मी विसरलेलो नाही. पण मामा, त्या कार्डावर माझं नाव आहे, फोन नंबर आहे, कोपऱ्यात एक हिरवं पान आहे आणि खाली नुसतं 'सल्लागार' आहे. ढेकूण कुठेच नाही. झुरळ नाही, वाळवी नाही. चारचौघांत ढेकूण शोभत नाही, असं तुमचं म्हणणं. अहो, तो शोभला असता तर मला कुणी बोलावलं असतं का?

त्या दिवशी व्यापाऱ्यांच्या मेळाव्याला तुम्ही मला हॉटेलात घेऊन गेलात. त्या हॉटेलचं वर्षभराचं काम मिळालं तर माझा जम बसणार होता, नाहीतर जुन्या साहेबांपुढे जाऊन मान खाली घालून उभं राहायचं, हे तुम्हाला ठाऊक होतं. टॅक्सीत तुम्ही सगळे नियम घोकून घेतलेत (रंगाच्या कंपनीत तीस वर्षं विक्री सांभाळलेल्या माणसापुढे मी काय बोलणार). कार्ड दोन्ही हातांनी द्यायचं, अक्षरं समोरच्याकडे करून. पत्ते वाटल्यासारखं वाटत सुटायचं नाही. समोरच्याचं कार्ड मिळालं की तीन सेकंद वाचायचं, मागच्या खिशात कोंबायचं नाही. आणि लोक खात असताना ढेकणांचं नावही काढायचं नाही. आता तिथे लोक पहिल्या मिनिटापासून खातच होते, त्याला मी काय करू?

दोन्ही हात मोकळे करायचे म्हणून मी माझी बशी शेजारच्या वकिलांच्या बशीवर ठेवली. त्यांनी ती तितक्याच अदबीनं पुढे कुणाच्या तरी हातात दिली आणि मला ती पुन्हा दिसली नाही. उपाशीपोटी मी अकरा कार्डं वाटली. एका वयस्कर गृहस्थांनी आपलं कार्ड दिलं, त्यावर (संस्थापक, माजी अध्यक्ष, माजी उपाध्यक्ष, आजीव सभासद) इतक्या ओळी होत्या की तीन सेकंदांत मी जेमतेम दुसऱ्या 'माजी'पर्यंत पोचलो. मग हॉटेलचे मॅनेजर आले. तुम्ही माझा दंड धरून मला पुढे केलंत आणि म्हणालात, "हा आमच्या ओळखीतला."

ओळखीतला. मामा, तुम्ही मला सायकल शिकवली आहे (आणि गटाराजवळ हात सोडून दिला आहे, ती खूण अजून गुडघ्यावर आहे). असो. मॅनेजरांनी कार्डावरचं पान निरखलं आणि म्हणाले, "बरं झालं भेटलात. आमच्या दारातल्या कुंड्या सुकत चालल्यात, जरा बघाल का?" मी तोंड उघडणार तोच तुम्ही बुटानं माझा पाय दाबलात. मी म्हणालो, बघतो.

तेव्हापासून मी बघतोय. दर सोमवारी त्यांच्या अठरा कुंड्यांना पाणी घालतो, माती मोकळी करतो. त्याच वेळी माझ्यासमोरून दुसरा एक माणूस पंप घेऊन वरच्या खोल्यांकडे जातो. त्याच्या कार्डावर अंगठ्याएवढं झुरळ आहे, उताणं पडलेलं. वर्षाचं काम त्याला मिळालं. "माळीबुवा, जरा सरका," म्हणतो, आणि मी सरकतो. त्याचं औषध पातळ आहे हे मला जिन्यातल्या वासावरूनच कळतं, पण माळ्याला कोण विचारतो. (कुंड्या मात्र छान तरारल्यात. खोटं कशाला बोलू.)

काम गेलं त्याचं वाईट वाटलंच. पण परत येताना टॅक्सीत तुम्ही मिळालेल्या एकेका कार्डामागे त्या माणसाची खूण लिहीत होतात, विसरू नये म्हणून, तुमचा शेवटचा नियम. त्या गठ्ठ्यात माझंही एक कार्ड होतं. त्यामागे सवयीनं लिहिलंत, 'ओळखीतला'. मी शेजारीच बसलो होतो, मामा. ते जास्त लागलं.

तुम्हाला बोल लावायला हे पत्र लिहिलेलं नाही. थकवा आला की माणूस लांबण लावतो, इतकंच. मामीला नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद.

तुमचा,
(चारचौघांत जो कुणी असेन तो)

ता. क. मामीचा फोन आला होता. तुमच्या बैठकीच्या खोलीतल्या सोफ्यात ढेकूण झालेत, आठवडाभर दोघं खाजवताय, आणि मी आलो तर इमारतीत बभ्रा होईल म्हणून तुम्ही त्या झुरळवाल्याला बोलवायला निघाला होतात, हे सगळं कळलं. मामीनं त्याला नको म्हणून कळवलंय. गुरुवारी सकाळी दहाला मी येतोय. गणवेशात, पंप खांद्याला लावून, पुढच्या दारानं. माझी विनंती एवढीच की दार तुम्ही उघडा, आणि समोरच्यांनी कोण आलंय विचारलं तर खरं सांगा.

आणखी एक ता. क. मी नवीन कार्डं छापली आहेत. पान काढलंय, ढेकूण घातलाय, चांगला मोठा. पहिलं कार्ड सोबत पाठवतोय. दोन्ही हातांनी घ्या आणि तीन सेकंद वाचा. मागे खूण लिहायचे कष्ट घेऊ नका, मीच लिहून ठेवली आहे: 'भाचा'.