मांजरपाटाचा बिल्ला

बाबा, आज दुकानातली तुमची फळी भिंतीवरून उतरवली. खिळे गंजले होते आणि एका कडेला वाळवी लागली होती. सुताराकडून नवी करून घेतली, अगदी तशीच, वर खिळ्यांची एक रांग, खाली एक. तो हसत म्हणाला, "बाई, आता कोन ठेवते असं? म्युझम काढता का?" मी म्हटलं, "तुले ठोकाचं सांगतलं ना, ठोक." माझा स्वभाव काही सुधारला नाही. पण तो गेल्यावर जुनी फळी मांडीवर घेऊन बसले ती उठवेना, म्हणून लिहिते आहे. दुसरीतूनच काढलंत मला, तेव्हा अक्षर असंच येणार.

नवरा वारल्यावर मी देऊळघाटला परत आले, तेव्हा दादा म्हणाला होता, हिला चुलीपाशी राहू द्या. तुम्ही मला दुकानाच्या गादीवर बसवलं. पहिल्याच सकाळी समोरचा दुकानदार रस्त्यातून ओरडला, "काऊन हो, पांढऱ्या कपाळाची बोहनी करता का आता? गिऱ्हाईक फिरकन का?" तुम्ही उठलात. पायरी उतरून बाहेर गेलात, गिऱ्हाइकासारखे परत आत आलात, खिशातून पैसे काढले आणि माझ्याकडून साबणाची एक वडी विकत घेतलीत. स्वतःच्याच दुकानातून! "झाली बोहनी," म्हणालात. ती वडी मी कधी वापरली नाही. आता ती चिरा पडून दगडासारखी झाली आहे, पण आहे.

मग तुम्ही मला फळी शिकवलीत. तेलाच्या डब्यांची झाकणं कापून केलेले बिल्ले, प्रत्येकावर खिळ्यानं कोरलेलं चित्र. कंदिलाची काच, फणी, साबण, वात. वस्तू दुकानात आहे तोवर तिचा बिल्ला वर. विकता विकता एकच उरली की बिल्ला लगेच खालच्या खिळ्यावर. दादा खामगावला जाताना खालचे बिल्ले पिशवीत घालून नेई, तेवढाच माल आणी, आणि माल आला की बिल्ले पुन्हा वर. "हातातून वस्तू गेली की फळीले समजलं पाह्यजे," तुम्ही म्हणायचात. "मंग डोक्याले तरास नाही." मांजरपाटाचा एक तुकडा मात्र लाल धागा बांधून फडताळात असायचा. तो नवीन माल आल्याशिवाय विकायचा नाही. मयताला कपडा मागायला माणूस वेळ पाहून येत नाही, त्याला आपल्या दारातून नाही म्हणायचं नाही.

परवा बुलढाण्याचा एक एजंट आला होता. म्हणे, तीन वह्या ठेवा, विक्रीची एक, शिल्लक मालाची एक, मागणीची एक. मी म्हटलं, "तिघी जावा एका घरात, अन् एकमेकीशी बोलत नाहीत, असं कराचं का?" मग त्याला फळी दाखवली. त्यानं एकेक बिल्ला हात लावून पाहिला. म्हणाला, "बाई, याच्यात तर तिन्ही एकाच जागी हायेत." कोणी केलं, विचारलं त्यानं. माझ्या बापानं, म्हटलं, आणि फळीकडे पाठ केली.

कारण मला तो दिवस दिसतो. तुम्हाला ताप आहे. सकाळी घटकाभर गादीवर येऊन बसता आणि आत जाऊन पडता. मी एकटी. मळ्यातली एक बाई गोधडीच्या अस्तराला मांजरपाट मागते. दोनच तुकडे आहेत, तिला दोन्ही पाहिजेत. लाल धागा पाहून म्हणते, "याले काय नजर लागते का वं? का लगीन लावून राह्यली त्याचं?" मागे चार माणसं खोळंबलेली. मी चिडते, धागा तोडते, दोन्ही तुकडे तिच्या अंगावर टाकते. बिल्ला वरून काढते, तेवढ्यात दुसरी ओरडते, आणि तो पदराच्या गाठीत जातो.

दुसऱ्या दिवशी दादा पहिल्या गाडीनं खामगावला गेला. तुम्ही दहाच्या सुमारास डोळे मिटलेत. माणसं जमली, दादाची वाट पाहत बसली. तो दुपारी डोक्यावर गठ्ठा घेऊन गल्लीत शिरला आणि माणसं पाहून समजला. फडताळ उघडलं, रिकामं. मग त्यानं तुमच्या पायाशी बसून गठ्ठा सोडला. काचा निघाल्या, वाती निघाल्या, फण्या निघाल्या. कपडा नव्हता. समोरचा दुकानदार आपल्या दुकानातून कपडा घेऊन आला. "याच्या घरी नाही म्हनून ऐकलं नव्हतं कधी," म्हणाला, आणि रडला बाबा तो.

दादानं माझ्याकडे पाहिलं. खरं सांगितलं असतं तर मी संध्याकाळपर्यंत चुलीपाशी गेले असते, कायमची. मी म्हटलं, "बाबांनीच इकला काल सकाळी गादीवर आले तवा. बिल्ला लावाचा इसरले." सगळ्यांना पटलं. कोणीतरी म्हणालंसुद्धा, शेवटी शेवटी भ्रमतेच मानूस. तेव्हापासून दरवर्षी तुमच्या श्राद्धाच्या पानावर माणसं बसली की दादा तेच सांगतो, सगळ्या गावाची आठवण ठेवणारा माझा बाप, स्वतःच्याच कपड्याला विसरला. लोक हळहळतात. मी वाढत राहते.

गादी राहिली माझ्याकडे. दुकान चांगलं चालतं. लाल धाग्याचा तुकडा त्यानंतर एक दिवससुद्धा कमी पडला नाही. आता दादा थकला आहे, त्याला सांगेन म्हणते, पण तोंड उघडत नाही. हा कागद जुन्या फळीच्या मागे खोचून माळ्यावर टाकणार आहे, आणि तो बिल्लाही त्याच्यासोबत.

एक मात्र दादालाही सांगणार नाही. तुम्ही गेलात त्याच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही खाटेवरून विचारलं होतंत, "बाई, सारे बिल्ले लागले का वं?" बिल्ला पदरात टोचत होता, मला आठवण होती. तव्यावर भाकर होती आणि उठायचा कंटाळा आला होता. मी म्हटलं, "हाव, लागले."