राखेखालचे मूग

केज तालुका, वैशाख वद्य पंचमी, सन १९७३

प्रिय जालिंदर,

अक्षर ओळखीचं वाटणार नाही. डाव्या हातानं लिहितोय. उजवा खांद्यापासून ओंडक्यासारखा पडून आहे. तू गावातून नाहीसा झालास आणि फौजदार अजून नाव मागतो आहे: सोसायटीच्या सेक्रेटरीला, म्हणजे मला, पहार कोणी मारली? त्याच्या प्रश्नाकडे शेवटी येतो. संस्कृत शिकलेल्याला थोडं पाल्हाळ माफ असतं.

सोसायटीच्या गोदामात बियाण्याच्या मुगाच्या कोठ्या भरल्या, तेव्हा तू दुष्काळी कामावर खडी फोडत होतास. भुंग्यासाठी तालुक्याहून विषारी पावडरीचा डबा आला होता. मी तो उघडलाच नाही. आई करायची तसंच केलं. मूग कडक उन्हात वाळवले, लिंबाचा पाला घातला, चुलीची राख चाळून दाण्यांत कालवली आणि वर वीतभर राखेचाच थर दिला. भुंग्याची मादी दाण्यावर अंडी घालायला येते आणि त्या राखेतच मरते. हिंसाच ती; पण तिची फेड इतक्या लवकर होईल असं वाटलं नव्हतं. एवढी सुरेख तजवीज, फक्त गावाला सांगायची राहिली.

तुम्ही गावकरी गोदामाचं दार फोडून घुसलात तेव्हा मी आतच होतो. सरकारी सुकडीवर दिवस काढणारी माणसं, त्यांना बियाणं काय नि धान्य काय. तू पहिल्या कोठीत हात घातलास, मूठभर राख वर काढलीस आणि ओरडलास, "राख हाय बे! समदं बी इकून खाल्लं ह्या पंडतानं!" खाली मूग आहेत म्हणून मी सांगतोय, पण ऐकतो कोण? पहिली पहार खांद्यावर बसली. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. दुसरी डोक्यात. एवढं व्याकरण घोकून तोंडातून निघालं काय, तर "आयो!" मग बंकटनं लाथेनं कोठी आडवी केली आणि माझ्या रक्तात मूग सांडले. तेव्हाचं तुझं तोंड मी पाहिलं. तू पहार टाकून पळालास. बाकीचे दाण्यांवर तुटून पडले. सुभद्राबाईचा कान फाटला, बंकटचे दात पडले, आप्पारावनं सख्ख्या भावाच्या मनगटाचा लचका तोडला. मला तुडवूनच सगळे ये-जा करत होते.

त्या संध्याकाळी घरोघरी राख धुऊन घुगऱ्या शिजल्या. तुझ्या पोरींनीही पोटभर खाल्ल्या. तालुक्याचा डबा कपाटात अजून तसाच आहे. मी उघडला असता तर, हा विचार मी पुढे जाऊ देत नाही.

काल तुझी कडूबाई येऊन रडली. तू साखर कारखान्याकडून निरोप धाडलास म्हणे: पंडत माझ्या हातानं मेला, मी आता येत न्हाई, पोरी सांभाळ. निरोप आणणारा म्हणाला, तू जेवत नाहीस, विहिरीच्या काठावर बसून असतोस. म्हणून हे पत्र. मी मेलेलो नाही, गाढवा. फौजदाराला सांगितलंय, धुरळ्यात तोंड दिसलं नाही. त्याचा विश्वास बसलेला नाही, पण माझ्याकडे दुसरा जबाब नाही. त्या काठावरून ऊठ आणि घरी ये. फौजदाराला मी तोंड देईन. तुझी वहिनी मुसळ घेऊन दारात बसली आहे, तिला मात्र तुलाच तोंड द्यावं लागेल.

तुझाच, अजून श्वास घेणारा,
राधाकिशन