उतार संपेपर्यंत

९ जून

पोचले एकदाची. मोटेलच्या खोलीत सामान टाकून खिडकी उघडली, तर भट्टीचं झाकण काढल्यासारखी झळ तोंडावर आली. दुसरं कुणी वैतागलं असतं, मी हसले. हाच उन्हाळा शोधत तर आम्ही जर्मनीहून नेवाडात येतो. नव्या ट्रकचं इंजिन आणि ब्रेक, दोन्ही पूर्ण ओझ्यानिशी घाट चढवून-उतरवून बघायचे. इथे टिकली ती गाडी कुठेही टिकेल.

गाव छोटं आहे. पेट्रोल पंप, एक खानावळ, वर्कशॉप आणि आमचं मोटेल. खानावळवालीने विचारलं, जर्मनीत कोमट बिअर पितात ना? म्हटलं, ते इंग्लंडमध्ये. तिला काही पटलं नाही.

घरी अठरा वर्षं मी मोठी गाडी चालवते, पण माझा परवाना इथे चालत नाही. आमच्यासारख्या परदेशी चाचणी-ड्रायव्हरांना इथली परीक्षा द्यायला लागू नये म्हणून सरकारने सूट दिली आहे, एकाच अटीवर: इथला परवाना असलेला आणि रस्ता ओळखणारा ड्रायव्हर सतत शेजारी हवा. एकटीने चाकसुद्धा हलवायचं नाही.

माझ्या शेजारी बसणार आहेत व्हर्लिन स्ट्राउड. साठी ओलांडलेले, काटकुळे, डावा हात कोपरात किंचित वाकडा. हात मिळवताना म्हणाले, "बाईसाहेब, कागदावर ड्रायव्हर मी. तुम्ही सामान."

मी विचारलं, तुमच्याकडे सामान गाडी चालवतं का?

"इथले निम्मे ड्रायव्हर बघा, मग सांगा."

आमचं जमणार. यूलेला फोन केला. मावशीकडे खूश आहे पोरगी. झाडावरच्या चेरी एकटीने संपवल्या म्हणाली.

११ जून

आज पहिल्यांदा हॅकेट घाट उतरले. ट्रेलरवर काँक्रीटचे ठोकळे, गाडीवर तिचा आकार लपवणारी काळी-पांढरी नक्षी, एसी बंद. आमचा प्रमुख हार्टमूट मागून कारमध्ये. घाट देखणा आहे. तांबडे कडे, खाली मिठाचं पांढरं मैदान, आणि उताराच्या मध्यावर, तिसऱ्या वळणानंतर, ब्रेक गेलेल्या गाडीने घुसायची खडीची वाट. गाडी शहाण्यासारखी उतरली.

व्हर्लिननी दोन गोष्टी केल्या त्या लिहून ठेवते. घाटमाथ्यावर ब्रेक तपासायचा थांबा आहे. तिथे उतरून त्यांनी प्रत्येक चाकापाशी हात नेऊन गरमी पाहिली. म्हटलं, प्रत्येक चाकात सेन्सर आहे, आकडे समोर दिसतात. ते म्हणाले, माझा सेन्सर जुना आहे, त्याला समाधान लागतं. आणि गाडीत चढल्यावर, ट्रकवाले एकमेकांशी बोलतात तो रेडिओ त्यांनी बंद केला. विचारलं तर म्हणाले, घाटात नुसती खरखर येते, इथले सगळेच बंद करतात.

इंजिन गार होईपर्यंत थांबावं लागतं. तेवढ्यात गाडीत बसून हे लिहिते. छान वाटतं.

१६ जून

लिहून काढलं तर बरं वाटेल.

दुपारी थांब्यावर व्हर्लिन चाकं बघायला उतरले. मागून येणाऱ्या गाड्यांचा अंदाज घ्यावा म्हणून मी रेडिओ लावला. खरखर. मग एक माणूस. आमच्या आल्ब डोंगरातली बोली, माझे बाबा बोलायचे तशी, शब्दांची शेपटं खाऊन.

"हाय का रं कुणी? ब्रेक ऱ्हायलं न्हाईत. लई वास येतुया. शेजारी कुणी न्हाई माझ्या."

घरापासून इतक्या दूर ती बोली ऐकून माझ्या काळजाचं पाणी झालं. मी माईक उचलला आणि त्याच बोलीत बोलले. खालच्या गियरमध्ये राहा, ब्रेक दाबून-सोडून संपवू नका, तिसऱ्या वळणानंतर उजव्या हाताला खडीची वाट आहे, तिच्यात घुसवा. तो ऐकत होता. श्वास ऐकू येत होता. मग म्हणाला, "पोरी, ऱ्हाशील न्हवं संगट?"

काय बोलणार होते मी? घाबरलेल्या माणसाला दुसरं काय सांगतात?

म्हटलं, "हाय मी. उतार संपंस्तोवर हाय."

त्यानंतर फक्त खरखर.

हार्टमूटला हाक मारली, आम्ही उतरलो, शोधलं. खडीच्या वाटेवर खडी नीट सारखी केलेली, एक चाक उमटलेलं नाही. खाली काही नाही. आमची दुसरी गाडीच या देशात नाही. हार्टमूट म्हणाला, ऊन लागलंय तुला, पाणी पी.

व्हर्लिन मात्र पांढरे पडले. त्यांनी विचारलं, "तो काय बोलला, तुम्हाला कळलं?"

हो म्हटलं.

"आणि तुम्ही काय बोललात? काही कबूल तर नाही ना केलंत?"

मी सांगितलं. त्यांनी टोपी काढली आणि हातात धरून बसले.

१८ जून

रेडिओ बंद होता. मी स्वतः बघितलं, दिवा विझलेला.

दुसऱ्या वळणावर ब्रेक जळल्याचा वास आला. सगळे आकडे हिरवे. व्हर्लिननी नाकाला रुमाल लावला, म्हणजे त्यांनाही आला. मग बंद रेडिओतून तोच आवाज, अगदी निवांत, शेजाऱ्याने कुंपणावरून बोलावं तसा.

"आलीस व्हय, पोरी."

खाली पोचेपर्यंत आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

१९ जून

आज घाट उतरताना फोनवर हार्टमूट होता, मागच्या कारमधून. जेवायला पुन्हा बर्गरच का, की हायवेवरचा तो पिवळ्या पाटीवाला टॅकोवाला बघायचा, असं बोलत होता. मी बोलता बोलता आरशात पाहिलं.

त्याची कार तिथे नव्हती. तिच्या जागी ट्रक होता. चौकोनी तोंडाचा, आमच्याच कंपनीचा जुना, ज्यावर मी पहिल्यांदा शिकले तसला. चाकांतून निळसर धूर येत होता. भर दुपार, लख्ख ऊन, आणि त्याची सावली पडत नव्हती.

मी विचारलं, हार्टमूट, तू कुठे आहेस?

"तुझ्या मागे. तुझ्या ट्रेलरची नंबरप्लेट वाचून दाखवू का?" हसला तो. वाचूनही दाखवली.

ट्रकच्या काचेआड डावीकडे एकजण बसलेला होता. उजवी सीट रिकामी.

२० जून

व्हर्लिननी खानावळीत सांगितलं. कॉफी गार होऊन गेली तरी कप सोडला नाही.

त्याचं नाव एबरहार्ड. वीसेक वर्षांपूर्वी आमच्यासारखीच चाचणी करायला आलेला. त्याला सूट, यांना परवाना, हे शेजारी. थांब्यावरून निघताना गाडी रांगतच होती तेव्हा वास आला, पेडल खाली गेलं. व्हर्लिन ओरडले, उडी मार, आणि स्वतः उडी मारली. हात मोडला तो तेव्हा. वर बघतात तर एबरहार्ड अजून आत. पुढे वळणावर एका कुटुंबाची गाडी चालली होती, त्याने हॉर्न धरून ठेवला होता आणि स्टिअरिंग सोडलं नव्हतं. ते कुटुंब वाचलं, तो नाही.

"उतारभर तो रेडिओवर बोलत होता. घाटातल्या सगळ्यांनी ऐकलं. आधी इंग्रजीत, बाजूला व्हा म्हणून, मग त्याच्या भाषेत. घाबरलेला आवाज नव्हता, बाईसाहेब. काहीतरी विचारत होता, एकच गोष्ट, पुन्हा पुन्हा. कुणाला कळलंच नाही. उत्तर कोण देणार?"

तेव्हापासून माथ्यावर सगळे रेडिओ बंद करतात. आवाज येतो हे सगळ्यांना माहीत आहे. काय म्हणतो ते कुणालाच माहीत नव्हतं.

मी त्यांना सांगितलं, तो काय विचारतो.

म्हातारा माणूस भर खानावळीत रडला. म्हणाले, म्हणून तर मी अजून हे काम घेतो. पुन्हा कुणी माझ्या शेजारून एकटं जाऊ नये. मी आता शेवटपर्यंत बसतो.

मग म्हणाले, "पण त्याला आता मी नकोय. त्याला उत्तर देणारं कुणीतरी मिळालंय. तुम्ही घरी जा."

२३ जून

हार्टमूटला स्पष्ट सांगितलं, मी यापुढे घाट उतरणार नाही. तो आधी चिडला. म्हणाला, एवढी वर्षं तुझ्या हातावर विश्वास टाकला तो भुताच्या गोष्टी ऐकायला? मग माझा चेहरा बघून त्याने तिकिटासाठी फोन लावला. परवाचं विमान मिळालंय. उद्या फक्त गाडी माथ्यापर्यंत चढवायची, इंजिनाची चाचणी पुरी करायची. उतरताना व्हर्लिन चालवतील, त्यांना परवाना आहेच. मी हार्टमूटच्या कारमधून खाली येईन.

दुपारी मोटेलच्या खोलीत टीव्ही लावला. वास आला. टीव्ही बंद केला.

टीव्ही बंद असताना—

नको. यूलेशी बोलले. ती म्हणाली, आई, आवाज असा का येतोय तुझा, शेजारी कुणी आहे का?

२४ जून

माथा. चढ नीट झाला, काही नाही, वास नाही. गाडी उभी आहे, हँडब्रेक लावलेला, चाकांना लाकडी ठोकळे लावलेत. मी उतरून कारकडे निघाले होते.

मागे वळून पाहिलं. व्हर्लिन एकटेच ट्रकच्या पायरीवर चढत होते. तो वाकडा हात दांडीला धरून. आणि उजवी सीट रिकामी.

मला नाही जमलं. एवढ्या उतारावर या माणसाला एकटं पाठवणं मला नाही जमलं. हार्टमूटला म्हटलं, तू हो पुढे, खाली थांब. व्हर्लिन भांडले. "बाईसाहेब, वेड लागलंय का? खाली उतरा म्हणतो." मी म्हटलं, आज सामान मी आहे, सामान बोलत नाही. हसले शेवटी. म्हणाले, बरं, आधी चाकं बघून येतो.

मी उजव्या सीटवर. हे लिहितेय. कार दिसेनाशी झाली. ऊन फार आहे. व्हर्लिन मागे आहेत, आरशात दिसतात, ट्रेलरच्या चाकाशी वाकलेले.

डावं दार उघडून बंद झालं. ड्रायव्हरची सीट, हवेवरची, बसणाऱ्याच्या वजनाने खाली जाते ना, तसा तिने श्वास सोडला आणि खाली गेली. झालं का बघून, विचारणार होते. मान वर केली—

व्हर्लिन आरशातच आहेत. चाकाशी.

सीट खाली दबलेली आहे. सीटवर कुणी नाही.

वास.

दार उघडत नाही. दोन्ही हातांनी ओढलं. काच खाली जात नाही. हँडब्रेकची कळ आपोआप आत गेली, म्हणजे ब्रेक सुटला, मी पाहिली जाताना. ठोकळे चिरडल्याचा आवाज. ठोकळे कसे—

हलतोय. हळू. अगदी हळू हलतोय. पेडल माझ्या बाजूला नाही, पाय पोचत नाही, स्टिअरिंग धरलं तर ते दुसऱ्या कुणीतरी धरलंय, घट्ट, हातांची ऊब

व्हर्लिन धावतायत. हात हलवतायत, ओरडतायत. या वेळी ते धावतायत. लहान होत चाललेत.

पहिलं वळण. नीट घेतलं त्याने. चांगला ड्रायव्हर आहे. वेग

यूले, बाळा, मी त्याला फक्त धीर द्यायला

तो बोलत नाही. मी बोलावं म्हणून थांबलाय. त्याने विचारलेलंच आहे एकदा आणि मी काय सांगितलं होतं ते त्याला

दुसरं वळण

खडीची वाट येईल आता. त्याला सांगते. उजवीकडे, आपल्या बोलीत, मोठ्याने सांगते, उजवीकडं घ्या, उजवीकडं, ती बघा खडी, ती बघा, घ्या, अहो घ्या ना उज