आठ सेकंदांचे बाबा

झाशी, रविवार

प्रिय रुचिरा,

हाताने लिहिलेलं पत्र बघून दचकू नकोस, माझी तब्येत ठणठणीत आहे. बाबांना जाऊन वर्ष झालं आणि तेव्हापासून तू फोन उचलत नाहीस, म्हणून पोस्टाला कामाला लावलंय.

वरच्या भाडेकरूंच्या ईशानं मला नवं खूळ लावलंय. फोटो द्यायचा, चार ओळी लिहायच्या, की यंत्र व्हिडिओ बनवून देतं. मी अर्थात बाबांचाच फोटो दिला. आठ सेकंद हसले, बोलले. पण कसलं शुद्ध मराठी, अगं! आपले बाबा दर दुसऱ्या वाक्याला 'अरे भैया' म्हणणारे, गरौठ्याकडच्या खेड्यांत फेऱ्या मारून अर्धे बुंदेली झालेले. मग पुन्हा बनवलं. कधी हाताला सहा बोटं, कधी मिशी गायब. चाळीस बाबा झाले, एकही आपला नाही.

मला मेलीला चौकशा फार. हे सगळं राहतं कुठं, म्हणून ईशाच्या मागेच लागले. कुठेतरी दूर मोठाल्या इमारतींत यंत्रांच्या रांगा असतात म्हणे. दिवसरात्र वीज खातात, तापू नयेत म्हणून गार ठेवावी लागतात. बनवायचे पैसे वेगळे, ठेवायचे दरमहा वेगळे. आपल्याला न आवडलेलंही पुसेपर्यंत जागा अडवून बसतं. मला हसूच आलं. रेल्वेच्या रेकॉर्ड रूममध्ये तीस वर्षं मी दुसरं काय पाहिलं? कागद लिहायला पाच मिनिटं, सांभाळायला जन्म.

शेवटी फोनमधली जागा भरली. दरमहा पैसे भरायला जीव होईना, आणि हात सवयीने चालला. रॅक भरलं की सगळ्यात जुनं आधी छाटायचं, छाटलेलं त्याच दिवशी नष्ट करायचं, हा आमचा नियम. तसंच केलं, कचरापेटीसुद्धा रिकामी केली. ऐटीत चहा घेतला आणि मग लक्षात आलं. इलाइट चौराह्यावर संत्रेवाल्याशी हुज्जत घालणारे, शूटिंग काय करतेस म्हणून माझ्यावर खेकसणारे बाबा त्यातच होते. त्यांचा खरा आवाज माझ्याकडे तेवढाच होता. चाळीस खोटे जपले आणि खरे घालवले गं मी! कर्म माझं.

तो व्हिडिओ तेव्हा मी तुलाही पाठवला होता. तुझ्या जुन्या फोनमध्ये बघशील? बाबांना उपचारांसाठी दिल्लीला न्यावं म्हणून तू रडलीस आणि मी हट्टाने इथेच ठेवून घेतलं. चूक माझी होती, आज लिहून देते. सापडला तर पाठव. आणि नाही सापडला, तर तेवढं सांगायला तरी फोन कर.

तुझीच,
आई