पोटात पन्हळ असलेला हातोडा

विंडवर्ड, कॅरियाकू बेट
रविवार, चर्चमधून आल्यावर

प्रिय थोरले बंधू सिल्व्हेस्टर यांस,

धाकट्या बहिणीचा आदराचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे ते कळव. नुसतं ‘बरा आहे’ असं लिहू नकोस. जिना चढताना दुखतो की उतरताना, तेही लिही. ब्रुकलिनच्या थंडीत कानटोपी घालतोस अशी मी आशा करते, विश्वास ठेवत नाही. इकडे मी ठणठणीत आहे, फक्त डावा अंगठा जांभळा झाला आहे. त्याचं कारण पुढे येईल. आपल्या काकूंची, टांटी इडालियांची, तब्येत उत्तम, म्हणजे त्या सगळ्यांवर ओरडतात.

लाझरस काकांच्या थडग्यावर शिळा बसवायचं शेवटी पक्कं झालं. (काकांना जाऊन बरीच वर्षं झाली हे मान्य. पण शिळेचं जेवण घालायचं म्हणजे अख्खं गाव पानावर बसणार, आणि आपले बकरे काही केल्या अंग धरत नव्हते.) त्या निमित्ताने टांटींनी काकांची जहाजावरची पेटी उघडली आणि वस्तू वाटायला घेतल्या. होकायंत्र क्लिओफाने उचललं. ती दुसऱ्या काकांची मुलगी, आपली सख्खी चुलत बहीण आहे, तिच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. पण पेटीचं झाकण पुरतं उघडायच्या आत तिचा हात आत होता. मग तळाशी एक लाकडी वस्तू निघाली. दांडा हातोड्याचा, डोकंही हातोड्याचं, पण दांड्याच्या उलट बाजूला त्या डोक्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पन्हळ कोरलेली. असा हातोडा कोणता शहाणा माणूस करील?

दादा, मला तो हवा होता. काकांच्या जहाजावर तू गेलास, क्लिओफाचे भाऊ गेले. मी विचारलं तेव्हा काका म्हणाले, तू पुस्तकं वाच. मी वाचली, कॉलेजात गेले, जन्मभर शाळा चालवली. आता त्या जहाजावरची एक तरी वस्तू माझ्या घरात असावी असं मला वाटतं, आणि त्यात लाजण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही. पण तो क्लिओफालाही हवा होता (मला हवा होता म्हणून). टांटींनी निकाल दिला: “हे काय आहे ते जी सांगेल ती घेऊन जाईल. न कळणाऱ्याच्या हाती हत्यार दिलेलं लाझरसला खपायचं नाही.” मी विचारलं, टांटी, तुम्हाला तरी माहीत आहे का? “बायको कोणाची होते मी?” एवढं म्हणून त्या तुरीच्या शेंगा सोलायला बसल्या.

तुला विचारण्यात अर्थ नव्हता. तू काकांबरोबर एकदाच गेलास आणि जाऊन येईपर्यंत कठड्यावरून खाली वाकलेला होतास. म्हणून मी शास्त्रशुद्ध प्रयोग सुरू केले. पहिल्या प्रयोगात खिळा पन्हळीत निसटला आणि अंगठा सापडला. दुसऱ्या प्रयोगात मी त्याने चर्चच्या झग्याच्या चुण्या दाबल्या; फादर म्हणाले, असा झगा घालण्यापेक्षा आजारी पडलेलं बरं. तेवढ्यात क्लिओफाने जाहीर केलं की तिला स्वप्न पडलं. स्वप्नात काका याच वस्तूने मक्याच्या पिठाचा कू-कू घोटत होते आणि हसत होते. आता तू जाणतोस, आपल्या गावात स्वप्न म्हणजे साक्ष. मेलेल्या माणसाने स्वप्नात येऊन कोंबडी मागितली तर आपण कोंबडी कापतो, वाद घालत नाही. क्लिओफाने तर पितरांचं ताट मांडलं, त्यात कू-कूचा गोळा ठेवला, शेजारी ती वस्तू ठेवली आणि जमिनीवर रम शिंपडून सगळ्यांकडे विजयाने पाहिलं.

अशा वेळी सुशिक्षित बाईने काय करावं? मीही स्वप्न पाहिलं. (पाहिलं म्हणजे रचलं. तू कपाळाला आठ्या घालू नकोस.) माझ्या स्वप्नात काका त्या पन्हळीतून तारे न्याहाळत होते. मी हळूच विचारलं, काका, हे कशासाठी? ते म्हणाले, पोरी, दिशा शोधण्यासाठी. एका शेजारणीने डोळेसुद्धा पुसले. टांटींनी मात्र शेंग खाली ठेवली. “हळूच विचारलंस?” हो. “आणि त्याला ऐकू आलं?” हो. “अगं, मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन बोंबलले तरी त्याला ऐकू यायचं नाही! मेल्यावर नवे कान उगवले होय गं त्याला?” क्लिओफा इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मीच दिलं. खोटं स्वप्न सांगितल्याबद्दल शिळा बसेपर्यंत या विषयावर तोंड उघडायची मला बंदी झाली.

आणि आता ऐक. सध्या पिकं उभी आहेत, त्यामुळे जनावरं बांधून ठेवायचे दिवस. माझी शेळी डचेस खडकावर दोर घासून तोडते आणि थेट क्लिओफाच्या तुरीत शिरते. (मी तिला शिकवलेलं नाही.) आज चर्चमधून आल्या आल्या मी दोराच्या घासणाऱ्या भागावर सुतळी गुंडाळायला बसले. हाताने ती घट्ट बसेना. चिडून तो हातोडाच दोरावर ठेवला, तर पन्हळीत दोर असा चपखल बसला, जणू घरी परतला. सुतळीचा वेढा दांड्याला दिला, हातोडा दोराभोवती फिरवला, आणि दादा, सुतळी वेढ्याला वेढा लागून अशी करकचून बसत गेली की डचेससुद्धा चघळणं थांबवून पाहू लागली! जहाजाचे दोर झिजू नयेत म्हणून त्यांना असंच सुतळीचं आवरण चढवत असणार. मी अंगणात एकटीच नाचले. या वयात, दिवसाढवळ्या, चर्चच्या बुटांत.

हे सगळं केवळ तुला आनंद व्हावा म्हणून लिहिलं. माझी काहीही मागणी नाही.

तुझी बहीण,
ऑगस्टा

ता. क. मला बोलायची बंदी असल्यामुळे एवढंच कर: हे पत्र हाती पडताच एक स्वप्न पाहा आणि टांटींना फोन करून सांग. काका निळ्या सदऱ्यात, जहाजाच्या कठड्याशी बसून दोरावर सुतळी चढवत आहेत. प्रश्न विचारायचा झालाच तर ओरडून विचार. शेवटी त्यांनी माझं नाव घ्यावं, पण उगाच दोनदा नको, संशय येतो.

ता. क. २. पाकीट चिकटवणार तोच टांटी आल्या. डचेस चक्क जागच्या जागी बांधलेली पाहून त्यांना आधी माझ्या प्रकृतीची काळजी वाटली. मग दोर दिसला. तोंड उघडायची मला बंदीच होती, मी उघडलं नाही. त्यांनी त्या वेढ्यांवरून बोट फिरवलं, बराच वेळ फिरवलं, आणि म्हणाल्या, “उलट्या बाजूने गुंडाळलंस. लाझरसही नवा होता तेव्हा असंच करायचा.” हातोडा माझ्या मांडीवर ठेवून त्या नाक पुसत गेल्या. तेव्हा स्वप्नाची आता गरज उरली नाही.

ता. क. ३. तरी स्वप्न पाहाच. फक्त काकांच्या हातात होकायंत्र दे, आणि ते क्लिओफाकडे आहे याचं त्यांना फार वाईट वाटतंय, असं दिसू दे.