आधी म्हणून दाखवा

९ सप्टेंबर, सोमवार

पोरांच्या सणाला, पांढऱ्या रविवारला, पाच आठवडे उरले आणि चौथीची पोरं अजून पहिल्याच कडव्यात! सगळ्या गावासमोर चर्चमध्ये उभं राहून म्हणायचंय, याची कुणाला फिकीर नाही. पाठांतर बसवून घ्यायचं काम निवृत्तीनंतरही माझ्याकडेच आहे – कुणी दिलं नाही, मी सोडलं नाही.

आनिवाला यंदाची सगळ्यांत लांब कविता दिली. तीस ओळी, माझीच, भरतीवरची. मी दोनदा म्हणून दाखवली. तिसऱ्यांदा तिने मला म्हणून दाखवली! नऊ वर्षांची पोर. हातात कागद, ओळीखालून सरकणारं बोट, आणि आवाज असा की मागची पोरं खाजवायचीसुद्धा थांबली.

इओसेफोची आठवण झाली. तोही नऊ वर्षांचा होता, मी सव्वीसचा. पत्र्याला गळती लागलेली ती जुनी शाळा, आणि हा पठ्ठ्या चाळीस ओळी एका दमात म्हणायचा. माझं पहिलं बक्षीस त्याला दिलं होतं – निळी दौत. काय दिवस होते!

११ सप्टेंबर, बुधवार

आनिवाच्या आजीकडे, सेपेलाकडे जेवलो. तारोचे उकडलेले कंद, नारळाच्या दुधात शिजवलेली त्याचीच पानं. आनिवाची मावशी तिला राजधानीला, आपियाला न्यायचं म्हणते, मोठ्या शाळेत. नोव्हेंबरात प्रवेश परीक्षा. माझं पत्र हवं होतं, तिथेच बसून लिहिलं – "चाळीस वर्षांत इतकी हुशार मुलगी पाहिली नाही."

"परीक्षेत काय विचारतील हो मास्तर?"

"उतारा देतील वाचायला. हिला काय अवघड आहे!"

आनिवा पंख्याने आमच्या ताटावरच्या माश्या वारत होती. तिचा हात थांबला. "अगं, माश्या!" – आजी ओरडली.

१५ सप्टेंबर, रविवार

चर्चमध्ये दर रविवारचं बायबलवाचन आता इओसेफोकडे; आज त्याने पुन्हा तोच मेंढपाळाचा उतारा वाचला. हा सलग तिसरा रविवार. बायको, मलेले, गेल्यापासून बिचाऱ्याचं लक्ष कशातच नाही. चाळीस वर्षांचा संसार. पण वाचन काय खणखणीत! बासष्टाव्या वर्षी चष्मासुद्धा लागत नाही.

१७ सप्टेंबर, मंगळवार

तिरेसाशी वाजलं. चौथीची बाई, माझीच विद्यार्थिनी, दोन वर्षांपूर्वी शिकून परत आली. मधल्या सुट्टीत मला कोपऱ्यात घेऊन म्हणते,

"मास्तर, आनिवाला वाचता येत नाही."

हसलोच मी. "मग काल तीस ओळी कुणी म्हटल्या? तुझ्या आजोबांनी?"

"म्हटल्या. वाचल्या नाहीत. ती कायम रांगेत दुसरी बसते, बघितलंत? पहिली मुलगी वाचते ते ऐकते, मग तिची पाळी येते."

"नम्र आहे पोर. पुढे पुढे करत नाही."

"लक्षात ठेवणं एक, अक्षर ओळखणं दुसरं. दोन्ही एकाच डोक्यात असतात म्हणून एक नसतात. तुम्ही पहिल्याला मार्क देता आणि दुसरं आलंच असं धरून चालता."

"फार शहाणी झालीस!"

"तुम्ही तर मला मागच्या चटईवर बसवलं होतं," ती म्हणाली. हसत म्हणाली, पण म्हणाली.

खरं आहे. तिला चार ओळीसुद्धा धड पाठ होत नसत. मागे बसून ही काय करायची, मी कधी बघितलं नाही. आज विचारलं. "वाचायचे," म्हणाली. "मागे तुमचं लक्ष नसायचं."

२० सप्टेंबर, शुक्रवार

एक ओळ खटकत होती. "भरती आली, शिंपला ठेवून गेली." त्याचं केलं – "भरती आली, शिंपला मागून गेली." आता कशी जिवंत झाली! सकाळी नवा कागद स्वच्छ अक्षरात लिहून आनिवाच्या हातात दिला.

तिने म्हटलं, "शिंपला ठेवून गेली." बोट बरोबर "मागून" या शब्दाखाली.

सवय असेल. जुनं तोंडात बसलेलं असतं.

२१ सप्टेंबर, शनिवार

सवयच.

२४ सप्टेंबर, मंगळवार

राहवलं नाही. चार नव्या ओळी लिहिल्या, कुणाला ऐकवल्या नाहीत. शाळा सुटल्यावर आनिवाला ब्रेडफ्रूटच्या झाडाखाली बोलावलं. कागद दिला.

तिने तो सरळ धरला. बोट पहिल्या ओळीखाली ठेवलं. माझ्याकडे बघून गोड हसली.

"मास्तर, तुम्ही एकदा म्हणून दाखवा ना आधी."

मी तोंड उघडलं – आणि मिटलं. चाळीस वर्षं! प्रत्येक कविता, प्रत्येक धडा, आधी मी म्हणायचो. मला माझा आवाज आवडायचा, हेही खरं. एकाही पोराच्या हातात न ऐकलेली ओळ मी कधी दिली नाही.

"तू बघ ना," म्हणालो.

बराच वेळ बघत होती. मग खाली मान घालून म्हणाली, "आजीला सांगू नका."

२५ सप्टेंबर, बुधवार

मावशीला दुसरं पत्र लिहिलं. एक वर्ष थांबा. कारण लिहिलं – चूक शिकवणाऱ्याची आहे. तीनदा खोडलं, तीनदा तेच लिहिलं.

२६ सप्टेंबर, गुरुवार

सेपेलाला मीच सांगितलं. आनिवाला आधी विचारून. ती म्हणाली, "सांगा, पण मी नसताना."

सेपेला चटई विणत होती, विणतच राहिली. मग, "माझी नात ढ आहे म्हणता?"

"नाही हो. तीस ओळी दोनदा ऐकून डोक्यात ठेवते, तिला ढ कोण म्हणेल? त्या डोक्याच्या जोरावर तिने आम्हा सगळ्यांना चार वर्षं गुंगवलं."

"मग पांढऱ्या रविवारी तीस ओळी म्हणणार ना? सगळं गाव वाट बघतंय. तिच्या आईने न्यूझीलंडहून कपडे पाठवलेत!"

"ती म्हणेल तसं."

"ती म्हणेल तसं!" सेपेलाने विणलेल्या दोन ओळी उसवल्या. मला चहा विचारला नाही.

३ ऑक्टोबर, गुरुवार

रोज चार वाजता माझ्या ओसरीवर. तिरेसा शिकवते, मी बघतो. मला बोलायची बंदी! तिरेसा अक्षरं लिहिलेले पुठ्ठ्याचे तुकडे उलटसुलट मांडते, आनिवा त्यांतून शब्द जुळवते. अंदाजाने म्हणाली की तिरेसा तुकडे विस्कटून टाकते.

आज "पाऊल" हा शब्द लागायला किती वेळ गेला, कोकोचा अख्खा कप निवला. मी पुटपुटलो. दोघी एकदम ओरडल्या, "मास्तर!"

कुंपणापलीकडून इओसेफो जात होता. थांबला. "काय चाललंय?" "शाळा," म्हणालो. उभाच राहिला. नारळ खांद्यावर तसेच.

९ ऑक्टोबर, बुधवार

आनिवाने स्वतःहून सांगितलं – तीस ओळी नकोत. न ऐकलेल्या सहा द्या. रविवारी तिथेच वाचीन.

तिरेसा म्हणाली, "घाई होते आहे." मीही तेच म्हणालो. आनिवा कपाळावरचे केस मागे सारत म्हणाली, "तीस ओळी तर मला येतातच."

१३ ऑक्टोबर, पांढरा रविवार

तिरेसाने पाकीट तिथेच दिलं. आनिवाने उघडलं. पांढरा झगा, कानामागे फूल.

पहिली ओळ गेली. दुसरीत अडली. मागे कुणी तरी खुदकन हसलं – "हीच का ती मास्तरांची हुशार?" सेपेला मांडीवरच्या पंख्याकडे बघत बसली होती. माझ्या ओठांवर शब्द आला होता. जीभ चावून धरली, खरंच चावली.

चौथ्या ओळीत पुन्हा अडली. एक शब्द चुकीचा वाचला, स्वतःच परतून नीट वाचला. सहा ओळींना जेवढा वेळ लागला तेवढ्यात एरवी तिने साठ म्हटल्या असत्या. मग कागदाची घडी घालून खाली बसली.

दुपारी पोरांना वाढताना सेपेलाने डुकराच्या भाजलेल्या मांसाचा सगळ्यांत मोठा तुकडा आनिवाच्या ताटात टाकला. "खा. डोकं फार चालवलंस." मला म्हणाली, "आणि तुम्ही कधी येणार चहाला?"

एक लिहायचं राहिलं. आनिवा वाचत असताना सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. वडीलधाऱ्यांच्या बाकावर इओसेफो एकटाच तिच्या बोटाकडे बघत होता.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

इओसेफो आला. आनिवा आणि तिरेसा गेल्यावर आला. पायरीवर बसला. मग खिशातून येत्या रविवारचा उतारा काढून चटईवर ठेवला, बोटाने सरळ केला.

"मलेले शनिवारी वाचून दाखवायची," म्हणाला. "मास्तर, त्या पोरीच्या शेजारी जागा आहे का?"